बाबांची दुनळी माझ्या नावावर होईपर्यंत

१ एप्रिल २०२३ ला बाबा स्वतः बंदूक घेऊन ठाण्यात जमा करून आले. कर्नाटक विधानसभेची आचारसंहिता २९ मार्चलाच लागली होती, आणि आमच्या खानापूर तालुक्यात निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जातात हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. बाबांनी पावती देवघरातल्या पोथीत ठेवली, "तेरा तारखेला निकाल, पंधराला घेऊन येतो" म्हणाले. २७ एप्रिलला झोपेतच गेले.

निकाल लागला, गावातल्या बाकीच्या चार बंदुका घरी आल्या. आमची आली नाही. ती घरी यायला २ डिसेंबर २०२४ उजाडला. मधल्या एकोणीस महिन्यांत काय काय झालं, आणि आल्यावर तिच्या लाथेचं, म्हणजे बार काढला की खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं, काय केलं, हे सगळं लिहून ठेवते, कारण त्या दिवसांत मला मराठीत कुठंच धड काही वाचायला मिळालं नव्हतं. जे मिळालं ते एक तर वकिली इंग्रजीत, नाही तर अमेरिकेतल्या हौशी लोकांचे व्हिडिओ.

आधी आमची परिस्थिती सांगते. गाव जांबोटीच्या बाजूला, जंगलाला लागून. तीन एकर भात, दीड एकर ऊस, थोडी रताळी, बांधावर काजू. नवरा गोव्यात कामाला, शनिवारी येतो. आई पंचाहत्तरीची. भाऊ पुण्यात, बहीण निपाणीला. शेत मी बघते. भात निसवलं की रानडुकरं येतात, उसात गवे घुसतात. बंदूक आजोबांनी घेतलेली विलायती बारा बोअर दुनळी, नळ्या तीस इंची, शेजारी-शेजारी. आजोबांनंतर बाबांच्या नावावर झाली होती.

जूनमध्ये मी पावती घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी नीट समजावून सांगितलं, ते बरं केलं. परवाना माणसाच्या नावावर असतो, बंदुकीच्या नाही. परवानाधारक गेला की परवाना संपला, आणि वारसांनी बंदूक जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१. आमची आधीच जमा होती म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांना एवढंच सांगते: तेराव्यापर्यंत थांबू नका. दुःखात कुणाला सुचत नाही हे खरं, पण मधल्या काळात ती बंदूक कायद्याच्या दृष्टीनं घरात विनापरवाना पडलेली असते. जमा केल्याची पावती घ्या, तिच्या तीन झेरॉक्स काढा, आणि बंदुकीचा नंबर पावतीवर बरोबर लिहिलाय का ते तिथंच उभं राहून बघा.

त्याच दिवशी कळलं की वारसाला परवाना मिळण्याची सोय शस्त्र नियम २०१६ मध्येच आहे. आणि जे कळल्यावर मी कपाळावर हात मारला ते हे: बाबा हयात असतानाच हे करता आलं असतं. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो स्वतः वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्याकडे द्यायला सांगू शकतो. बाबांचं दोन्ही झालं होतं. तुमच्या घरी म्हातारं माणूस आणि म्हातारी बंदूक असेल, तर आजच विषय काढा.

कागदांची सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून झाली आणि तिथंच अडली. दाखल्यावर बाबांचं नाव परशराम. बंदुकीच्या परवान्यावर परसप्पा. पहाणी पत्रिकेवर, म्हणजे शेताच्या उताऱ्यावर, परशुराम. सीमाभागातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. नाव मराठीत ठेवलेलं, कन्नडमध्ये लिहिलेलं, मग इंग्रजीत टाईप केलेलं, परत कन्नडमध्ये आलेलं. तिन्ही एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. त्यावरही पहिल्यांदा टायपिस्टनं 'परशूराम' केलं. दुसरा स्टॅम्प पेपर.

मग नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातून, वंशावळ. तलाठी, पंचनामा, साक्षीदार, असं करत सहा आठवडे. आईचं, भावाचं, बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. भावाला वाटलं पुण्यातून कुरिअर केलं की झालं, पण सही इथल्या नोटरीसमोर हवी म्हटल्यावर त्याला गणपतीत यावं लागलं. तो म्हणाला, "अगं, विकून टाक ना, कशाला हा व्याप?" आईनंच त्याला उत्तर दिलं, "डुकरं पुण्याला येत नाहीत बाबा."

९ ऑक्टोबर २०२३ ला अर्ज भरला. नमुना ए-१. ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत कागदांसकट बेळगावला डीसी ऑफिसात, चन्नम्मा सर्कलजवळ, द्यायची. तालुक्यातल्यांचा परवाना जिल्हाधिकारी देतात. बेळगाव शहरात राहणाऱ्यांचं काम पोलीस आयुक्तांकडे जातं. हे आधी माहीत नसल्यानं शहरातल्या एका ओळखीच्याचं ऐकून मी एक अख्खा दिवस चुकीच्या ऑफिसात काढला. चलान खजाने-२ या सरकारी वेबसाइटवर भरलं. शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला लागतो, त्यासाठी बेळगावच्या बीम्स या सरकारी दवाखान्यात दोन चकरा. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी झोप कशी लागते, राग येतो का, घरात दारू कोण पितं, असं पंधरा मिनिटं विचारलं. एकटीला एवढं कुणी विचारून वर्ष झालं होतं. दाखला मिळाला, पण बाहेर येऊन बाकावर जरा बसून राहिले.

एका ऑफिसात, कुठल्या ते राहू दे, टेबलामागच्या माणसानं कागद न बघताच विचारलं, "घरात गंडमगा कोणी नाही काय?" गंडमगा म्हणजे पुरुषमाणूस. मी म्हटलं, आहे, तो शनिवारी येतो, डुकरं रोज येतात. तो हसला, आणि मग "नाळे बर्री", उद्या या, म्हणाला. ते उद्या पाच वेळा आलं. कन्नड वाचता येत नसेल तर एक सोपी गोष्ट करा: प्रत्येक शेऱ्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरी जाऊन गावातल्या शाळेच्या पोरांकडून वाचून घ्या. आमच्या पोरांना दोन्ही येतं. माझ्या फाइलवरचा एक शेरा चौथीतल्या मुलीनं वाचला, "मावशी, यात लिहिलंय की जागा जंगलाजवळ आहे, वनखात्याला विचारा."

आणि तोच सगळ्यात मोठा खोडा निघाला.

आमच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये जाहीर झालेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४ सांगतं की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकांनी आपली नोंद करायची, आणि त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना द्यायचा नाही. आता वारसाचा परवाना हा जुना की नवा? बंदूक जुनी, घर जुनं, डुकरंसुद्धा बहुधा त्याच खानदानातली. पण परवाना माझ्या नावावर पहिल्यांदाच, म्हणून तो नवा, असं धरलं गेलं. फाइल रेंज ऑफिसातून बेळगावला आणि तिथून बेंगळुरूला. फॉरेस्टचे दोन गार्ड येऊन शेत बघून गेले, जीपीएसवर अंतर मोजलं, आईनं चहा दिला. त्यांतल्या एकानं जाता जाता सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकात आलं म्हणून डुक्कर मारायचं नाही, गव्याकडे तर नळी वळवायचीसुद्धा नाही. आवाज करून हाकलायचं, आणि नुकसान झालं तर फोटो काढून भरपाईचा अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा.

पोलिसांची चौकशी डिसेंबरात झाली. शेजारी, मागं काही केस आहे का, भाऊबंदकीत जमिनीचा वाद आहे का. बंदूक कुठं ठेवणार ते दाखवावं लागलं. बाबा भिंतीवर खुंटीला लावायचे. मी लोखंडी पेटी करून घेतली होती, भिंतीला बोल्ट मारलेली, काडतुसांना वेगळा डबा, वेगळं कुलूप. पेटीला २,८०० रुपये गेले. आधीच करून ठेवा, चौकशीला आलेला माणूस ती बघून मऊ होतो.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थिजलं. आमचं मतदान ७ मे ला (खानापूर तालुका लोकसभेला कारवारच्या बाजूला, उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो, बेळगाव जिल्हा, मत मात्र तिकडं). निकाल ४ जूनला. या काळात बेळगावला फेरी मारू नका, एसटीचे पैसे वाया. मी मारल्या, दोन.

जुलैच्या शेवटी वनखात्याची संमती आली. ऑगस्टमध्ये नागरिक बंदूक तरबेतीचं शिबिर केलं. तरबेती म्हणजे प्रशिक्षण. जिल्हा पोलीस घेतात. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला फाइलला लागणार होता, पण दाखल्यापेक्षा ते दिवसच कामाचे ठरले. आमच्या तुकडीत अठ्ठावीस पुरुष, तीन बायका. शिकवणारे एक निवृत्तीला आलेले जमादार. पहिल्या दिवशी त्यांनी रिकामी बंदूक हातात दिली आणि म्हणाले, "ही भरलेली आहे." मी म्हटलं, "रिकामी आहे ना, आत्ता तर दाखवलीत." ते म्हणाले, "भरलेली आहे." मग मला समजलं. घोड्यावर बोट शेवटी जातं, नळी कधीच माणसाकडे नाही, आणि मागं काय आहे ते दिसत नसेल तर बार काढायचा नाही. बाबा हवेत बार काढायचे. जमादार म्हणाले, हवेत गेलेले छर्रे कुठं तरी खाली येतातच. मातीचा उंचवटा बघा आणि त्यात मारा.

२१ नोव्हेंबर २०२४ ला परवाना हातात आला. पाच वर्षांचा, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असायचा. त्यावर माझा युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बंदुकीचा नंबर, काडतुसांची मर्यादा आणि क्षेत्र: कर्नाटक राज्य. हा शेवटचा शब्द मी तेव्हा नुसता वाचला. त्याचा अर्थ पुढं कळला.

२ डिसेंबरला बंदूक घरी. दोन पावसाळे गेले होते, आणि आमच्याकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. नळीवर तांबूस बुरा धरला होता. खोबरेल लावायचा मोह होतो, लावू नका, ते चिकटून बसतं. बंदुकीचं तेल आणि सुती चिंधी. आईनं लाकडाच्या दस्त्यावरून, खांद्याला लावायच्या मागच्या भागावरून, हात फिरवला आणि आत गेली.

आता लाथेची गोष्ट.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. रात्री साडेअकराला रताळ्यात डुकरं. खाणीच्या मातीचा ढीग शेताच्या कडेला आहे, त्याच्यात बार काढला. डुकरं पळाली, आणि मी खाली बसले. खांद्यावर कुणी मुसळ मारल्यासारखं झालं. सकाळी बघते तर दंडापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत काळं-निळं. कानात तीन दिवस रातकिडे. बाबा पावणेसहा फुटी, मी पाच फूट एक इंच. पण तेवढ्यानं इतका फरक पडत असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवरा म्हणाला, कोल्हापूरला बंदुकीचे जुने कारागीर आहेत, शनिवारी घेऊन जाऊ. मी पिशवी भरायला घेतली, परवाना काढला, आणि 'कर्नाटक राज्य' वर नजर गेली. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की माझा परवाना संपतो. एरवी आम्ही कापड घ्यायला, लग्नाला, अंबाबाईला उठसूट कोल्हापूरला जातो. सीमा फक्त मोर्चात आणि भाषणात दिसते. त्या दिवशी मला ती कागदावर दिसली. गोव्यालाही तेच, चोर्ल्याच्या अलीकडेच थांबायचं. मग बेळगावातलाच परवानाधारक मिस्त्री शोधला. दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, कलम ५. गावच्या सुताराकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे बंदूक टाकायची नाही, तो कितीही हुशार असला तरी.

८ फेब्रुवारीला गेले. बंदूक उघडून, रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत, मूळ परवाना पर्समध्ये. मिस्त्री सत्तरीचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी बंदूक बघायच्या आधी काडतुसं मागितली. बाबांच्या जुन्या डब्यातली होती, पोलिसांना दाखवून परवान्यावर चढवून घेतलेली. त्यांनी एक उचललं, नळीच्या बुडाशी भिंगातून बघितलं आणि जीभ चावली.

"अक्का, ही बंदूक अडीच इंची. पासष्ट मिलीमीटर. काडतूस सत्तरचं."

"पण बसतंय की."

"बसणारच. काडतुसाची लांबी उडाल्यावर मोजतात. तोंड दुमडलेलं असतं तोवर आखूड, बसतं. उडालं की दुमड उघडायला जागा नाही, पुढं नळी निमुळती. दाब वाढतो. मग बंदूक तुला मारणार नाही तर काय करणार?"

बाबा वर्षानुवर्षं तीच घालत होते की शेवटच्या एका डब्यात चूक झाली, आता कोण सांगणार. जुनी विलायती दुनळी घरी असेल तर नळीच्या बुडाशी खोदलेला आकडा आधी वाचून घ्या. मी खडकीच्या कारखान्याची ६५ मिलीमीटरची शक्तिमान एक्स्प्रेस घेतली, नुसता आवाज करायचाय म्हणून बारीक छऱ्यांची. सत्तरची काडतुसं तिथंच नोंद करून जमा केली.

मग मिस्त्रींनी मला भिंतीकडे तोंड करून बंदूक खांद्याला लावायला सांगितली. दस्ता काखेच्या बाहेर. "साडेचौदा इंच आहे, तुला सव्वातेरा पाहिजे," ते म्हणाले. लांब दस्ता असला की माणूस मागं झुकतो, दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसतो, आणि सगळा धक्का हाडावर. त्यांचं गणित सरळ होतं. तीसेक ग्रॅम छर्रे जोरानं पुढं जाणार, तर तीन किलोची बंदूक तेवढ्याच हिशेबानं मागं येणार. ते कुणाच्या बापाला चुकवता येत नाही. आपल्या हातात तीनच गोष्टी. काडतूस हलकं घ्या, बंदूक जड ठेवा, नाही तर तोच धक्का जास्त जागेवर आणि जास्त वेळात पसरवा. दस्त्याच्या टोकाला बसवायचा रबरी पॅड हे तिसरं काम करतो. धक्का तेवढाच, पण कानशिलात मारल्यासारखा न लागता ढकलल्यासारखा लागतो.

पॅड एक इंच जाड. म्हणजे सव्वातेराला आणायचं तर लाकूड सव्वादोन इंच कापावं लागणार. आजोबांचा अक्रोडी दस्ता. मी त्या दिवशी हो म्हटलं नाही. बंदूक घेऊन परत आले, आईला विचारलं. ती म्हणाली, "बाबांचा कोट तू उसवून ब्लेझर केलास तेव्हा विचारलं होतंस काय?" ते खरं होतं.

मिस्त्रींना मी भीत भीत विचारलं होतं की दस्ता कापला तर परवान्याला बाधा येते का. ते म्हणाले, "खांद्याकडं काय पाहिजे ते करू, पावती देतो. नळीकडं मी करवत नेणार नाही, तू लाख रुपये दिलेस तरी." नळी आखूड करणं हा वेगळा विषय आहे: कलम ६, त्याला स्वतंत्र परवाना लागतो, आणि साध्या नळीच्या बंदुकीची नळी २० इंचाच्या खाली गेली की ती आपल्यासारख्यांच्या वर्गातच राहत नाही. सिनेमात लोक करवतीनं नळी कापतात. इकडं ते केलं तर घरी परत यायला बरीच वर्षं लागतील.

३ मार्चला पॅड बसला. पॅड १,९०० रुपये, मजुरी आणि दस्त्याला पॉलिश मिळून १,६००. कापलेला तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून दिला.

मेमध्ये पोत्यातल्या मातीत दोन बार काढून बघितले. खांदा लाल झाला, काळा झाला नाही. पण कान? कान तसेच वाजले. आणि यातूनच सायलेन्सरचं प्रकरण निघालं.

माझा मावसभाऊ टेक्सासात असतो. जुलै २०२५ मध्ये त्याचा मेसेज: "ताई, इकडं आता सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा टॅक्स जानेवारीपासून शून्य होणार. तुझ्या बंदुकीला बसव, आवाज पण कमी, लाथ पण कमी." सोबत व्हिडिओ. त्याचं तिकडच्यापुरतं खोटं नव्हतं. १९३४ च्या त्यांच्या कायद्यानं बसवलेला तो कर त्या जुलैतल्या नव्या कायद्यानं २०२६ पासून शून्यावर आणला; नोंदणी मात्र राहिली आहे. आणि सायलेन्सर लाथही कमी करतो हेही खरं, कारण नळीच्या तोंडातून सुसाट सुटणारा वायू तो आत अडवून सावकाश सोडतो. गाडीच्या सायलेन्सरचं तत्त्व तेच. १९०९ मध्ये ज्या हायरम पर्सी मॅक्सिमनं बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, त्यानं इंजिनांचे मफलरही केले.

पण इकडचा कायदा काय म्हणतो ते बघायला मी मूळ शस्त्र कायदाच उघडला. कलम २ मध्ये व्याख्या आहेत. 'बंदूक' कशाला म्हणायचं याच्या यादीत, तोफा आणि हातबॉम्बच्या शेजारी, हेही आहे: बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेलं उपकरण. म्हणजे सायलेन्सर हा आपल्याकडे बंदुकीचा भाग धरत नाहीत; तो एकटाच, टेबलावर पडलेला असला तरी, बंदूक आहे. माझ्या परवान्यावर एकच बंदूक लिहिली आहे, तिचा नंबर आहे. तो पत्र्याचा डबा त्यात बसत नाही. आणि नियमांच्या परिशिष्टात तो आपल्या दुनळीच्या रांगेत नाही, अगदी वरच्या वर्गात आहे, जिथं जिल्हाधिकाऱ्यांचा हात पोचत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ पासून किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. बाहेरून मागवणं म्हणजे वर आणखी आयातीचा गुन्हा. 'सॉल्व्हंट ट्रॅप' वगैरे नावानं साफसफाईचं सामान म्हणून विकायला ठेवलेलं दिसतं, त्याच्याही वाटेला जाऊ नका. पार्सल उघडणाऱ्याला नावाशी देणंघेणं नसतं.

मी मावसभावाला हे कळवलं. त्याचं उत्तर आलं: "मग दुनळीला दोन लागले असते म्हणा." तेही खरंच. शेजारी-शेजारी दोन नळ्यांना दोन डबे कसे बसवणार?

मिस्त्रींकडे काडतुसं घ्यायला गेले तेव्हा हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "अक्का, तू बंदूक कशाला घेतलीस?"

"डुकरं हाकलायला."

"मारता येत नाहीत. मग ती कशाला पळतात?"

आवाजाला. दीड वर्ष मी ज्या आवाजासाठी ऑफिसं पालथी घातली, तोच बंद करायचा विचार करत होते. दुकानात बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही हसू आवरलं नाही.

त्यापेक्षा १,४५० रुपयांचे कानावरचे मफ घेतले, कारखान्यात घालतात तसले. बारा बोअरचा बार दीडशे डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढचा एक आवाजही कानाला कायमचा बाधू शकतो. मफ वीस-पंचवीस डेसिबल तरी खातात. आत फोमचे बोळे घातले की आणखी थोडे. बाबांना शेवटी शेवटी डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आम्ही ते वयावर ढकललं होतं. बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो. मफ घालून रात्री शेतात उभं राहण्यात एक अडचण आहे, डुकरांची चाहूल लागत नाही. म्हणून मी ते गळ्यात अडकवून ठेवते आणि बार काढायच्या आधी वर ओढते.

खर्चाचा हिशेब वहीत आहे. परवान्यापर्यंत, म्हणजे चलान, नोटरी, स्टॅम्प, डॉक्टर, झेरॉक्स, शिबिर, पेटी आणि बेळगावच्या तेवीस फेऱ्या, मिळून ११,३४० रुपये. पॅड, मजुरी, मफ वेगळे. एजंट पंचवीस हजार मागत होता.

आणखी एक. बंदूक घरात आहे कळल्यावर लोक विचारायला येतात. चुलतभावाच्या मुलाच्या वरातीत दोन बार काढ म्हणून मागं लागले. २०१९ पासून लग्नात, मिरवणुकीत बार काढणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. मी नाही म्हटलं, आणि जेवायलाही जरा उशिराच गेले.

२०२५ च्या ऑक्टोबरात भात निसवल्यावर पहिली पाळी आली. पहाटेचे तीन. मफ वर, दस्ता खळगीत, गाल लाकडावर, मातीचा ढीग समोर. बार काढला. खांद्याला ढकलल्यासारखं झालं, एवढंच. मफ खाली केले तर ओढ्यापलीकडं अजून काटक्या मोडत होत्या, म्हणजे पळाली होती.

घरी आले तर आई उठून बसली होती. बंदुकीच्या कापलेल्या दस्त्याचा तुकडा खिडकीच्या फटीत अडकवलेला असतो, वाऱ्यानं तावदान आपटू नये म्हणून. "वाजवलीस?" म्हणाली. मी म्हटलं, हो. "आवाज तोच आहे की," म्हणाली आणि आडवी झाली.

चौथ्या दिवशी डुकरं परत आली.